मधल्या पट्ट्यातले सुटलेले झेल

संघ हंगामातला शेवटचा सामना रविवारी हरला आणि सोमवारी दुपारच्या आत मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला. मंगळवारी सकाळी पोर्ट कॅल्डरच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कचेरीत दार लावून दोघंच बसले होते. एक जनरल मॅनेजर ड्वेन हॅस्लर आणि दुसरा रिसीव्हरांचा प्रशिक्षक ओरेल विगिन्स. खिडकीबाहेर तलावावरून बर्फ आडवा उडत येत होता. कॉफी कधीच गार झाली होती.

रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने, चाल चालवणाऱ्या मुख्य गड्याने, फेकलेला लांबट चेंडू जीव खाऊन पळत जाऊन झेलणारे गडी. संघाकडे असे सहा होते. एप्रिलमध्ये कॉलेजातून एक नवीन पोरगा निवडायचं आधीच ठरलं होतं, म्हणजे सहातला एक जाणार. चौघांचा निकाल पटापट लागला. एक नुसताच वेगवान पण शिकणारा, एक आडदांड, एक दुखापतीतून उठणारा, एक स्वस्तातला आणि कामाचा. चौघंही राहणार होते. उरले दोघं.

"एयर्सचं बोल," हॅस्लर म्हणाला.

डेझमंड एयर्स तेहतीस वर्षांचा होता. आयुष्यात त्याच्या हातून चेंडू क्वचितच सुटला असेल. बाकीच्या पाचही जणांना कुठे वळायचं, कुठे थांबायचं, बचाववाल्याला कसं गंडवायचं हे निम्मं विगिन्सने शिकवलं होतं आणि निम्मं एयर्सने.

"हात अजून तसेच आहेत," विगिन्स म्हणाला. "पाय थोडे मंदावलेत."

"थोडे? त्याचे पाय संध्याकाळी जागे होतात, आणि आपले सामने दुपारी सुरू होतात." हॅस्लर हसला नाही. "आणि मीक्स?"

टॅव्हियन मीक्स चोवीस वर्षांचा. पहिल्या वर्षी त्याने असा काही खेळ केला होता की गावातली पोरं त्याचा नंबर घालून हिंडायची. या वर्षीही ऑक्टोबरपर्यंत ठीक होतं. नंतर बिघडलं. हॅस्लरने चित्रफीत लावली. एकामागून एक सुटलेले चार झेल. सगळे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, जिथे बचावातले दणकट गडी वाट बघत उभे असतात आणि चेंडू हातात येतो त्याच क्षणी अंगावर कोसळतात.

"हात बघ," हॅस्लर म्हणाला. "पूर्ण लांब जातच नाहीत. शेवटच्या क्षणी आखडतात. मी आठ वर्षं रिसीव्हरांना आडवं करून पोट भरलंय, ओरेल. घाबरलेला गडी मला लांबून कळायचा. कॉर्लिसला लागलं तेव्हापासून हा घाबरलाय."

कॉर्लिस डेड हा संघातलाच रिसीव्हर, मीक्सचा जिवलग मित्र. दोघं एकाच घरात राहायचे. ऑक्टोबरात याच मधल्या पट्ट्यात कॉर्लिसला असा मार बसला की मानेचं हाड मोडलं. जीव वाचला, पण खेळ संपला.

हॅस्लरने चित्रफीत थांबवली.

"मला लांबलचक काही नको. एक शब्द दे. घाबरतो की नाही?"

विगिन्सला त्या शब्दाचं वजन माहीत होतं. पायाचं दुखणं बरं होतं, चुकीची सवय मोडता येते. पण 'घाबरतो' हे एकदा या खोलीतून बाहेर पडलं की ते स्पर्धेतल्या बत्तीसही संघांच्या गावांत हिंडतं. मग त्या पोराला कुणी दारात उभं करत नाही. आणि घाबरणाऱ्याला 'नाही' म्हणून ठेवला आणि तो पुढच्या वर्षी कचरत मधे शिरला, तर त्याचीही मान मोडू शकते. अर्धवट मनाने पळणाऱ्यालाच जास्त लागतं.

"उद्या सकाळी सांगतो," तो म्हणाला.

"उद्या सकाळी सांग. नवा मुख्य प्रशिक्षक येईल तो आपली माणसं घेऊन येईल. तुझ्यासाठी मी शब्द टाकणार आहे. पण माझ्या हातात तुझं काहीतरी ठाम हवं."

ही धमकी नव्हती. तरी विगिन्सला ती धमकीसारखीच ऐकू आली.

तो आपल्या खोलीत आला आणि तेच झेल पुन्हा लावले. हॅस्लरने दाखवले होते ते जवळून टिपलेले होते, नुसता खेळाडू आणि चेंडू. विगिन्सने उंचावरच्या कॅमेऱ्याचे लावले. त्यात माणसं मुंगीएवढी दिसतात, पण बावीसच्या बावीस दिसतात. त्याने पहिला झेल बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्याला तो खुर्चीत पुढे सरकला आणि चित्र थांबवलं.

चेंडू येत होता आणि मीक्सचं डोकं वळलेलं होतं. ज्याच्याकडून मार बसणार त्या बचाववाल्याकडे ते वळलेलं नव्हतं. मीक्स उलट्या बाजूला, आपल्या मागे बघत होता. मागून दुसरा रिसीव्हर त्याच पट्ट्यात आडवा शिरत होता. चारही वेळा तेच. ज्या खेळीत मीक्स मधे एकटाच होता, तिथे त्याने अंगावर माणूस येत असतानाही चेंडू घट्ट धरला होता. विगिन्सने असे दोन झेल शोधून काढले. त्यातल्या एका वेळी मीक्स हवेत उलटा झाला होता, तरी चेंडू सुटला नव्हता.

तो खाली उतरला. खेळाडू आपापली कपाटं रिकामी करत होते. वर्षभराचा संसार काळ्या पिशव्यांत कोंबला जात होता.

"कोच, याला घेऊन जा बरं," एयर्सने हाक मारली. "माझे मोजे स्वतःच्या पिशवीत भरतोय. तेहतीस वर्षांच्या म्हाताऱ्याला लुटतोय."

"तुझे मोजे कोण चोरणार? त्यांना स्वतःचा वास आहे," मीक्स म्हणाला. पण विगिन्सला बघून त्याचा चेहरा मिटला.

विगिन्सने त्याला सरावाच्या बंदिस्त मैदानावर नेलं. तिथे कुणी नव्हतं. दिवे अर्धेच लागलेले होते.

"झेल का सुटले?"

"अंगठा दुखत होता, कोच."

"कुठला?"

मीक्सने उजवा वर केला.

"मागच्या महिन्यात डावा सांगितला होतास."

मीक्सने हात खाली घेतला. "ते वर सगळे म्हणतायत मी भितो, हो ना? म्हणू देत."

"मी विचारतोय ते वेगळं आहे. चेंडू येत असताना तू मागे कुणाकडे बघतोस?"

बराच वेळ मीक्स बुटाने खालचं हिरवं गवत उकरत राहिला. ते खोटं गवत होतं, उकरलं जात नव्हतं.

"त्या दिवशी मी पुढून गेलो होतो," शेवटी तो म्हणाला. "कॉर्लिस माझ्या मागून येत होता. समोरच्या संघाचा तो सत्तावीस नंबरवाला तिथे दबा धरून बसलेला मला दिसला, कोच. स्पष्ट दिसला. मी वळून ओरडलो असतो तर कॉर्लिस खाली बसला असता. मी आपला पुढे पळत सुटलो. चेंडू मला मिळेल म्हणून."

"ते तुझं काम होतं."

"माहीतंय. आता मागून कुणी येत असलं की माझी मान आपोआप वळते. मी ठरवतो, नाही बघायचं. तरी वळते."

"कॉर्लिसला कधी भेटलास?"

मीक्स बुटाची नाडी बांधायला वाकला.

"मीक्स."

"पहिल्या आठवड्यात गेलो होतो. तो झोपला होता."

विगिन्सने गाडीची किल्ली काढली. "चल."

"आज नको, कोच."

"मला उद्या सकाळी एक शब्द द्यायचाय तुझ्याबद्दल. तो कुठला द्यायचा ते मला अजून कळलेलं नाही. चल."

कॉर्लिस होता ते रुग्णालय नदीपलीकडे टेकडीवर होतं. वाटेत एका वळणावर गाडी बर्फावर घसरली. विगिन्सने ती सावरली.

कॉर्लिस खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती पट्टा, शेजारी चालायची चौकट, मांडीवर तळलेल्या माशाचं अर्धं सँडविच. मीक्स दारातच थांबला.

"आलात का महाराज," कॉर्लिस म्हणाला. मान वळत नव्हती, म्हणून त्याने सगळी खुर्चीच वळवली. "तुझ्यामुळे माझं जगणं मुश्कील झालंय इथे. झेल तू सोडतोस आणि ती व्यायाम करून घेणारी बाई माझ्या पायावर राग काढते. तिने तुझ्यावर पैज लावली होती म्हणे."

मीक्स हसायला गेला आणि हसू अर्ध्यात मोडलं. मग तो सांगायला लागला. दबा धरून बसलेला सत्तावीस नंबर, न मारलेली हाक, सगळं. कॉर्लिसने ऐकता ऐकता सँडविच बाजूला ठेवलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"मलाही दिसला होता तो."

मीक्सने मान वर केली.

"तुला काय वाटलं, मी आंधळा होतो? मला दिसला, आणि मला वाटलं मी त्याच्या आधी पोचेन. नाही पोचलो. ते माझं होतं, टॅव्ह. माझा निर्णय, माझी मान." त्याचा आवाज चढायला लागला. "आणि तू तीन महिने इकडे फिरकला नाहीस. त्याचा मला राग आहे. हाकेबिकेचा नाही. तीन महिने मी या खिडकीतून गाड्या मोजतोय, आणि तू तिकडे मैदानात मागे वळून कुणाला तरी वाचवत बसलायस. वाचवायचं होतं तर इथे यायचं होतंस, मला धरून संडासापर्यंत न्यायला."

विगिन्स बाहेर जाऊन उभा राहिला. आतून बराच वेळ आवाज आले, काही मोठे, काही अगदी बारीक. शेवटी मीक्स बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते.

"मी थांबतोय इथे," तो म्हणाला. "तुम्ही जा, कोच."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, पुन्हा झेल सोडलास तर चौकट फेकून मारीन."

बुधवारी सकाळी हॅस्लर उभ्यानेच वाट बघत होता.

"काय तो शब्द?"

"घाबरतो," विगिन्स म्हणाला.

हॅस्लरने मान हलवली आणि फळ्यावरची मीक्सच्या नावाची पट्टी काढायला हात नेला.

"थांब. स्वतःसाठी घाबरत नाही." विगिन्सने उंचावरची चित्रं लावली. वळलेलं डोकं दाखवलं, चारही वेळचं. मग ते दोन झेल दाखवले, जिथे तो एकटा होता. दुसरा हॅस्लरने परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"चेंडू जमिनीवर पडला की पडला, ओरेल," अखेर तो म्हणाला. "कुणाच्या काळजीने पडला हे गुणफलकावर लिहीत नाहीत."

"बरोबर आहे."

"आणि हे सुटेल याची खात्री आहे तुला?"

"नाही."

"नाही?"

"स्वतःच्या अंगाची भीती मी कुणाची काढू शकलेलो नाही. हे वेगळं आहे. हे सुटू शकतं. त्यापुढे मी शब्द देत नाही."

हॅस्लर खिडकीशी गेला. आठ वर्षं त्याने जी माणसं आडवी केली होती त्यांतल्या कुणाची त्याला आठवण आली का, कोण जाणे. परत वळला तेव्हा आवाज कोरडाच होता.

"मीक्सला ठेवला तर एयर्स जाणार. दोघं नाही मिळणार तुला. आणि ऑगस्टात संघ पक्का करताना मीक्स असाच राहिला, तर त्याच्याबरोबर तूही जाशील. मग मी मधे पडणार नाही."

विगिन्सला वाटलं, अजून एक दिवस मागावा. पण आणखी एका दिवसात एयर्सचे पाय तरुण होणार नव्हते.

"मीक्सला ठेव," तो म्हणाला. "एयर्सला मी सांगतो. तुझ्या माणसाकडून फोन नको जायला."

एयर्सच्या घरी दार त्याच्या मधल्या मुलीने उघडलं. स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाची भाकरी भाजल्याचा वास होता. एयर्सने विगिन्सचा चेहरा बघितला आणि मुलीला वर पाठवलं.

"मी की पोरगा?"

"तू."

एयर्सने भांड्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं. "तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं," तो म्हणाला. "पण तुम्ही केलंत याचं वाईट वाटतंय. बसा म्हणणार नाही आज."

"नको."

"मीक्सचं उजव्या बाजूने आत वळताना पाऊल लांब पडतं. अजून सुधारलं नाही. सांगा त्याला."

एवढं बोलून त्याने विगिन्सला दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं. पुढे उन्हाळा लागेपर्यंत त्याने विगिन्सचा फोन उचलला नाही. नंतर कधीतरी आपल्या गावी जॉर्जियात शाळेच्या संघाला शिकवायला लागल्याचं त्यानेच कळवलं, दोन ओळींत.

नवा मुख्य प्रशिक्षक आला. त्याने विगिन्सला ठेवून घेतलं, ऑगस्टपर्यंत. मीक्सचा सारा उन्हाळा मधल्या पट्ट्यात गेला. मागून माणूस पळवायचा, पुढून माणूस आणायचा, आणि चेंडू फेकायचा. पहिले काही आठवडे मान वळतच होती. कधीकधी कॉर्लिस काठी टेकत कडेला येऊन बसे आणि अशा शिव्या हासडे की नवी पोरं दबकून बघत. ऑगस्ट सरला आणि मीक्स, विगिन्स दोघांपैकी कुणालाच घरी पाठवलं नाही. म्हणजे जमलं असं नव्हे. अजून बघू, एवढंच.

सप्टेंबरातल्या पहिल्या सामन्यात तिसऱ्याच खेळीला चेंडू मधे गेला. मागून एकजण आडवा शिरत होता, समोरून एक धिप्पाड गडी सुटला होता. मीक्सचे हात पूर्ण लांब गेले, चेंडू आला, दणका बसला आणि तो पाठीवर पडला. स्टेडियम गप्प झालं. मग तो उठला आणि चेंडू पंचांच्या हातात दिला.

उत्तरार्धात तसाच एक सुटला. या वेळी मान वळली होती, विगिन्सला स्वच्छ दिसली. मीक्स कडेला आला आणि मान खाली घालून त्याच्यासमोर उभा राहिला.

"पाऊल लांब पडलं तुझं," विगिन्स म्हणाला. "पाणी पी. पुढची खेळी पुन्हा मधेच आहे."