मानेखाली हात

मित्रांनो, बाळ पडलं नाही. बाप्तिस्मा पार पडला आणि लांबसाहेब पाळकाचे पाळकच राहिले. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, म्हणजे मला पहिल्यापासून नीट काळजी करता येईल.

मी एक जुनी बाहुली आहे. मला आडवं केलं की माझे डोळे मिटावेत, अशी कारखान्याने सोय केली होती. आता एकच मिटतो, त्यामुळे झोपेतही मी कुणाला तरी डोळा मारते आहे असं वाटतं. कुणीतरी जुन्या कपड्यांबरोबर मला चर्चला देऊन टाकलं. तिथल्या पाळकांनी शिंप्याकडून माझ्या पोटात वाळू भरून घेतली, वजन तान्ह्या बाळाएवढं केलं आणि मला कामाला लावलं. नुकतीच दीक्षा झालेले पाळक पहिली काही वर्षं अनुभवी पाळकाच्या हाताखाली शिकतात. खरं बाळ हातात घेण्याआधी त्यांनी मला घ्यायचं. माझा बाप्तिस्मा इतक्या वेळा झालाय की एव्हाना मी संत व्हायला हवी होते. प्रत्यक्षात मला पापडांशेजारी उन्हात वाळत घालतात.

माझी मान कच्ची आहे. खाली हात नसला की डोकं निखळून गडगडत जातं. इथल्या मोठ्या पाळकबाईंना सगळी मंडळी नुसतं 'बाई' म्हणते. त्या शिकत होत्या तेव्हा त्यांनी मला उलटं धरून माझ्या पायांना बाप्तिस्मा दिला होता. मी हे कुणाला सांगत नाही. त्या मात्र प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगतात.

लांबसाहेब विमा विकायचं सोडून पाळक झाले. उंची अशी, की प्रत्येक दारातून येताना आपोआप नमस्कार घडायचा. हात मात्र माझ्या मानेखाली पोचायचा नाही. पहिल्याच सरावात माझं डोकं कपाटाखाली गेलं.

"बाई, हे माझ्याच्यानं नाही व्हायचं," ते कपाटाखालूनच म्हणाले. "मी आपला विमाच विकतो."

"आधी सांग, काय जमलं?" बाई चहा ओतत म्हणाल्या. ही त्यांची रीतच होती. उपासना असो, अंत्यविधी असो, नाहीतर माझा बाप्तिस्मा, आधी जमलेलं विचारायचं. चुकलेलं कुठे पळून जातंय?

लांबसाहेब माझं डोकं घेऊन बाहेर आले. "धड हातातच राहिलं."

"म्हणजे निम्म्याहून जास्त बाळ वाचलं. चहा घे."

हळूहळू डोकंही वाचायला लागलं. मग खऱ्या बाळाचा रविवार ठरला आणि बाळाची आजी तणतणत आली.

"ह्या उंटाच्या हातात माझा नातू द्यायचा? इतक्या वरून पडला तर?"

"तो धरेल, आजी. मी पहिल्या बाकावर बसते."

"तुम्ही नुसत्या बसून काय होणार?"

"तेच तर अवघड आहे," बाई म्हणाल्या.

लांबसाहेबांनी दाराआडून सगळं ऐकलं. रविवारी जमलं नाही तर सोमवारी विमा, असं त्यांनी मला एकटीलाच सांगितलं.

रविवारी बाईंनी मला टॉवेलात गुंडाळून शेजारी निजवलं. लांबसाहेबांनी बाळ घेतलं. मानेखाली हात, कोपर अंगाशी. मला इतका अभिमान वाटला, की माझा मिटणारा डोळाही मिटेना. त्यांनी मोकळ्या तळहातात पाणी घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अमुक, मी तुला..."

आणि थांबले.

उपासनेच्या पुस्तकात त्याआधी बाळाचं नाव विचारायचं असतं. पण मला विचारून उत्तर येत नसे, म्हणून सरावात आम्ही तो भाग गाळायचो आणि पुस्तकात छापलेलं 'अमुक' तसंच म्हणायचो.

"कोण अमुक?" आजीने विचारलं.

तळहातातलं पाणी गळू लागलं. लांबसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई छताचा पंखा पाहत होत्या. एका हाताने मात्र त्यांनी माझा पाय असा आवळला होता की वाळूही कण्हली असती. पण त्या उठल्या नाहीत.

लांबसाहेब आजीकडे वळले आणि बाळासकट इतके वाकले की पडण्याजोगी उंचीच उरली नाही. "आजी, चुकलो. नाव विचारायचं राहिलं. तुम्हीच सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

आजीने नाव सांगितलं. शेवटच्या बाकावर झोपलेले काका दचकून उभे राहिले. लांबसाहेबांनी पुन्हा पाणी घेतलं, आणि बाळ त्या नावाचं झालं.

"काय जमलं?" चहा ओतताना बाईंनी विचारलं.

"मान धरली," लांबसाहेब म्हणाले. मग मला टॉवेलातून सोडवत, "आणि तुम्ही उठला नाहीत."

बाईंनी कप पुढे सरकवला. सोमवारी विमा कुणीही विकला नाही.

आता लांबसाहेबांच्या हाताखालीही एक नवशिकी पाळक आहे. माझीही बदली तिकडेच झाली. काल माझं डोकं पुन्हा कपाटाखाली गेलं, आणि साहेबांनी किटलीकडे हात नेत विचारलं, "काय जमलं?" मित्रांनो, नवशिक्या माणसाची मानही कच्चीच असते. तिच्याखाली हात ठेवा. बाकीचं त्याला हलवू द्या.

शेवटी माननीय बिशप महोदयांच्या कार्यालयास सविनय विनंती, की अर्जदार बाहुलीच्या असंख्य बाप्तिस्म्यांपैकी कोणताही एक ग्राह्य धरून तिला कायमस्वरूपी एक नाव मंजूर करावे, आणि ते मोठ्याने सांगण्यासाठी वरील आजींनाच बोलवावे.