शिवेवरून फिरलेलं पागोटं

सुनंदाबाईने वही गुडघ्यावर उघडली आणि वाचायला सुरुवात केली. समोर ओसरीत तिचे सासरे, तोतारामआबा, अंबाडीचा दोर वळत बसले होते. आबांना अक्षरओळख नव्हती. पण सून वाचायला लागली की ते अशी मान डोलवत, की बघणाऱ्याला वाटावं, आता हे शुद्धलेखनाच्या चुकाही काढणार.

आबांचा मुलगा गिरधर जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर सुनेचं काय करावं, याबद्दल भाऊबंदांनी पहूरच्या पारावर बसून पुष्कळ सल्ले दिले. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकही मनावर घेतला नाही. पोरगी सातवी पास आहे, ती धुळ्याला शिकून मास्तरीण होईल, एवढंच म्हणाले. धुळ्याच्या वर्गाने प्रवेशासाठी एक निबंध मागवला होता : एकाच विषयावरच्या दोन कवितांची तुलना करा. उद्या दुपारच्या छोट्या आगगाडीने टपाल गेलं नाही, तर आणखी एक वर्ष थांबणं आलं. आबांचं वय पाहता, वर्षभराने त्यांचा शब्द चालेलच याची सुनंदाबाईला खात्री नव्हती.

विषय तिने मुद्दाम जवळचा घेतला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा मुऱ्हाळी, आणि त्याची वाट पाहणारी बहीण. एक कविता शाळेच्या पुस्तकातली, छापील. दुसरी आखाजीच्या झोक्यावर बायका म्हणतात ती.

"छापील कवितेतला भाऊ घोड्यावरून येतो," ती वाचत होती, "आणि बहीण त्याला ओवाळते. झोक्यावरच्या गाण्यात मात्र असे आहे :

पिवयं पागोटं दिसलं बाभयीच्या बुडी,
शिवंवरून फिरलं, मी धाब्यावर उभी.

पिवळे पागोटे घातलेला भाऊ बाभळीपासूनच परत फिरतो, आणि बहीण धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट छपरावरून, ते पाहते. येथे रचणारीने अतिशयोक्ती केली आहे. गावाच्या शिवेपर्यंत आलेला भाऊ बहिणीला न भेटता परत जाईल, हे संभवत नाही. केवळ दुःख वाढवण्यासाठी—"

आबांच्या हातातला पीळ सैल पडला. वळलेला वीतभर दोर गरगर फिरून उलगडला, तरी त्यांनी तो धरला नाही.

"ते गानं पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"कोनाचं हे?"

"शेजारच्या शेवंताकाकू म्हणतात, आबा. त्यांच्या माहेरचं आहे, सामरोदचं. तिथली कोणी म्हातारी म्हणायची म्हणे."

आबांनी उलगडलेला दोर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "अतिशयोक्ती म्हंजे काय वं?"

"जे घडत नाही, ते वाढवून सांगायचं."

"घडते," आबा म्हणाले.

सामरोदला आबांची थोरली बहीण दिली आहे, मंजुळाबाई तिचं नाव, एवढंच सुनंदाबाईला ठाऊक होतं. या घरात ते नाव कोणी काढत नसे. तसं का, हे विचारायची सुनेची प्राज्ञा नव्हती. आज आबाच सांगायला लागले आणि तिने वही मिटली.

"त्या साली आपला बैल बसला व्हता. मी पायीच गेलो अक्काले आनाले. लग्नातलं पिवयं पागोटं घातलं, फडक्यात सांजोऱ्या बांधल्या. शिवंवर जाऊन पाह्यतो तं समद्यांचे मुऱ्हाळी छपराच्या दमन्या जुंपून आलेले. बैलांच्या गयात घुंगरं. मले वाटलं, अक्काले का उन्हात चालवत नेऊ? तिची सासू हासन. बाभयीखाली सांजोऱ्या ठेवल्या अन् फिरलो."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या साली दमनी व्हती. तोंड नव्हतं."

त्यांनी दोर पुन्हा मांडीवर घेतला, पण वळला नाही.

"अक्काले वाटलं असन, भाऊ घरून निघालाच नाही. तेवढ्या इचारावर तीस सालं काढली मी. अन् ती धाब्यावर उभी व्हती."

सुनंदाबाईला स्वतःची लाज वाटली. पुस्तकातल्या ओवाळणीवर तिने विनातक्रार विश्वास ठेवला होता आणि शेजारच्या गावातल्या बाईला खोटं पाडलं होतं.

"मी ते वाक्य खोडते, आबा."

"खोड." आबा भिंतीला हात टेकून उठले. "अन् आज सांजोऱ्या व्हतील का?"

सांजोऱ्या झाल्या. निबंधाची चार पानंही नव्याने लिहून झाली. घरातली गोष्ट तिने कागदावर आणली नाही. फक्त एवढं लिहिलं की पहिल्या कवितेत वाट पाहणं संपतं आणि दुसरीत संपत नाही; आणि बोलण्याइतकं बळ तिथे नुसत्या पाहण्याला आहे. शेवटचं वाक्य मात्र काही केल्या जमेना. तेवढी जागा सोडून ती निजली.

पहाटे आबांनी स्वतः दमणी जुंपली. डोक्याला ते पिवळं पागोटं होतं; पेटीत राहून पार विटलेलं. गाडी वळली तेव्हा सुनंदाबाईच्या मनात आलं, आज पुन्हा शिवेवरून फिरले तर?

नऊ वाजले, दहा वाजले. मंजुळाबाईने दारातूनच परत लावलं तर आबांना ते सोसणार नाही. टपालाची वेळही जवळ येत होती. शेवटी ती शिडीने धाब्यावर चढली. ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावर बाजारच्या गाड्या होत्या, पागोटी होती, पण ते नव्हतं. डोळ्यांवर हात धरून उभं राहिलं की पाय किती दुखतात, हे तिला तेव्हा कळलं.

मग नदीकडच्या वळणावर आपले बैल दिसले. पागोटं दिसलं. आणि त्याच्यामागे, दमणीच्या आत, पांढरं डोकं.

ती धावत खाली आली. मंजुळाबाई दांडीला धरून सावकाश उतरल्या. मांडीवरच्या सांजोरीचा चुरा त्यांनी झटकला, मग भावाच्या डोक्याकडे पाहिलं.

"रंग गेला रे याचा."

"हो, अक्का," आबा म्हणाले आणि बैल सोडायच्या निमित्ताने पलीकडे गेले.

सुनंदाबाई पाया पडली. पायांवर पाणी घालता घालता तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, त्या पागोट्याच्या गाण्याची पुढची ओळ काय आहे हो? शेवंताकाकूंना येत नाही."

मंजुळाबाई हसल्या. तोंडात दोनच दात होते.

"तिले कशी येईन? बांधलीच नाही मी. म्हनलं, तो आला म्हंजे बांधू."

त्या ओसरीत टेकल्या, पदराने तोंड पुसलं आणि हळूच काहीतरी गुणगुणू लागल्या. टपालाच्या गाडीला अजून तासभर अवकाश होता. सुनंदाबाईने वही आणली, सोडलेली जागा काढली आणि दौत उघडून त्यांच्याजवळ बसली.