कासवाच्या पाठीवरची नक्षी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. मला धरायला एक मूठ आहे आणि माझ्या पोटात एक कासव कोरलेले आहे. कासवाच्या पाठीवर बारीक चौकटींची नक्षी आहे आणि मधोमध दीर्घायुष्याचे चिनी अक्षर.

माझा जन्म सिंगापूरचा. चिनी देवळांसाठी मूर्ती घडवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या लाकडातून मला कोरले. एका सासूने मला विकत घेतले आणि घरात आलेल्या नव्या सुनेच्या हाती दिले. त्या सुनेचे नाव स्यू लान. ती मला हातात धरून बराच वेळ आत डोकावत राहिली. मीही तिच्याकडे पाहत राहिलो. आम्हा दोघांनाही एकमेकांविषयी काहीच ठाऊक नव्हते.

चिनी घरात बाळ एक महिन्याचे झाले की आंग कू क्वे वाटण्याची पद्धत आहे. होक्केन या चिनी बोलीत आंग म्हणजे लाल, कू म्हणजे कासव आणि क्वे म्हणजे पिठाची मिठाई. चिकट तांदळाच्या पिठात उकडलेले रताळे आणि लाल रंग मिसळून पीठ मळायचे. आत मुगाच्या डाळीचे गोड सारण भरायचे. तो गोळा माझ्यात दाबायचा, मला ओट्याच्या कडेवर आपटायचे, की लाल कासव तळहातावर उतरते. मग ते केळीच्या पानावर ठेवून वाफवायचे. बाळाला कासवासारखे दीर्घायुष्य लाभावे, एवढीच त्यामागची इच्छा.

पुढे स्यू लान बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तिच्या शेजारी रोझनाह नावाची मलय मुस्लिम बाई राहायला आली, तेव्हा स्यू लानने पिठात डुकराची चरबी घालणे बंद केले आणि शेंगदाण्याचे तेल घालायला सुरुवात केली. त्या मजल्यावर कोणाच्याही घरी बाळ झाले, मग ते घर चिनी असो की नसो, की मला फळीवरून खाली काढले जाई. मुले माझ्यात अडकलेले पीठ बोटाने कोरून खात. ते दिवस फार चांगले होते.

मग क्वे दुकानात तयार मिळू लागले. स्यू लानचे गुडघे दुखू लागले. तिची मुलगी बेंग चू नोकरी करत होती, तिला वेळ नव्हता. एकदा वाऱ्याने स्वयंपाकघराचे दार आपटत होते, म्हणून कोणीतरी मला दाराखाली अडकवले. तिथेच मी अनेक वर्षे राहिलो. खाली पडल्यापडल्या मला फक्त पावले दिसत. आज काय शिजते आहे, कोण आले आहे, याचा मी वासावरून अंदाज बांधत असे.

यंदा स्यू लानला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणे अडखळू लागले. मोठेपणी शिकलेली मँडरिन पुसली गेली आणि लहानपणची होक्केन तेवढी राहिली. बेंग चूने तिला वुडलँड्सला आपल्या घरी न्यायचे ठरवले. फ्लॅट रिकामा करायला बेंग चूचा मुलगा वेई जे आला. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. टाकून द्यायच्या भांड्यांच्या ढिगात त्याने मलाही ठेवले.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली ऋता, स्यू लानसाठी मऊ खिचडी घेऊन आली. ती मूळची पुण्याची. तिची नजर माझ्यावर पडली. मला उचलून तिने विचारले, "हा मोदकाचा साचा आहे का?"

"मला नाही माहीत," वेई जे म्हणाला. "दाराखाली असायचा."

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या स्यू लानने डावा हात पुढे केला. ऋताने मला त्या हातात दिले. म्हातारीने मला उलटे करून खुर्चीच्या दांड्यावर आपटले आणि सावकाश म्हणाली, "आंग कू."

वेई जे तिच्यासमोर खाली बसला. "आ मा, मी एक महिन्याचा झालो तेव्हा याच साच्यात केले होते?"

आ मा म्हणजे आजी. तिला प्रश्न किती कळला कोण जाणे, पण तिने होकारार्थी मान हलवली. मग तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवले.

त्याची मुलगी शनिवारी एक महिन्याची होणार होती. रविवारी आ मा वुडलँड्सला जाणार होती. बेंग चूने दुकानात क्वेच्या डब्यांची ऑर्डरही देऊन ठेवली होती. पण वेई जेने ऋताला विचारले, "तुम्ही मदत कराल? तुम्हाला असलं काही येतं ना?"

"मोदक येतात," ऋता म्हणाली. "हे कसं होतं ते मलाही बघायचंय."

शनिवारी सकाळी मला गरम पाण्याने धुऊन तेल लावले. पहिले कासव माझ्यातून निघाले तेव्हा त्याचे डोके आतच राहिले. आ माने तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवले. जास्त तेल लावल्यावर कासवे सुरेख उतरू लागली. पण वाफवून झाल्यावर ऋताने झाकण काढले, तर आत नुसते लाल गोळे होते. फुगून नक्षी पार पुसली गेली होती. मी ओट्यावरून पाहत होतो. मित्रांनो, मलाही कारण ठाऊक नव्हते. माझे काम शेगडीपाशी पोचण्याआधीच संपते.

आ मा म्हणू लागली, "ख्वी. ख्वी क्वा."

"ख्वी म्हणजे उघड," वेई जे म्हणाला. "मँडरिनसारखंच आहे, तेवढं कळतं. पण काय उघडू?"

त्याने खिडकी उघडली. आ माने मान हलवून नाही म्हटले. त्याने नळ उघडला, कपाट उघडले, पिठाचे नवे पाकीट उघडले. आ मा तेच दोन शब्द म्हणत राहिली. दुसरा घाणा शेगडीवर होता आणि ऋता झाकणावर फडका दाबून उभी होती.

"झाकण मात्र कोणी उघडू नका," ती म्हणाली. "वाफ गेली की उकड कच्ची राहते. आईने मला हेच शिकवलंय."

दुसरा घाणाही फुगला. पीठ आता थोडेच उरले होते. तेवढ्यात बेंग चू आली. आईचा थकलेला चेहरा पाहून ती मुलाला म्हणाली, "पुरे आता. डबे येतीलच. तिला कशाला त्रास देतोस?"

आ माने डोळे मिटून घेतले. मला वाटले, संपले. पण वेई जेने तिची खुर्ची ढकलत शेगडीपाशी नेली आणि तिचा डावा हात हातात घेतला. "आ मा, बोलू नकोस. दाखव."

तिसरा घाणा शेगडीवर चढला. थोडा वेळ आ मा वाफेकडे पाहत राहिली. मग तिने ऋताचे मनगट धरून बाजूला सारले आणि स्वतः झाकण वर उचलले. वाफेचा लोट छताकडे गेला. तिने झाकण पुन्हा ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा उचलले.

"क्वा," वेई जे हळूच म्हणाला. "क्वा म्हणजे झाकण."

आ मा हसली. झटक्यानंतर तिचा चेहरा एकाच बाजूने हसत असे.

"म्हणजे माझ्यामुळेच अडलं होतं," ऋता म्हणाली. "वाफ कोंडली की हे पीठ फुगतं होय. मोदकाच्या अगदी उलट आहे."

या वेळी झाकण निघाले तेव्हा आत कासवेच होती. त्यांच्या पाठीवरची चौकट न् चौकट दिसत होती. इतक्या वर्षांनी मी माझी नक्षी पाहिली. बेंग चू पुढे आली. तिने हात धुतले, उरलेल्या पिठाचा गोळा केला, मला मुठीने धरले आणि दोनदा आपटले. कासव तिच्या तळहातावर अलगद पडले. लहानपणी तिने ते पाहिले होते की केले होते, हे मला आठवेना.

कासवे थोडीच झाली. दुकानातले डबे नातेवाइकांना गेले. आमची कासवे वेई जेने त्याच मजल्यावर दारोदार नेली. रोझनाहने एक तिथेच उभ्याने खाल्ले आणि मुलीचे नाव विचारले.

आता मी वेई जेच्या घरी असतो. काही रविवारी तो मला पिशवीत घालून वुडलँड्सला आ माकडे नेतो. आम्ही दर वेळी क्वे करतोच असे नाही. कधी तो नुसते एकेका वस्तूवर हात ठेवतो आणि आ मा तिचे होक्केन नाव सांगते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू दाराखाली, माळ्यावर किंवा पलंगाच्या पेटीत पडलेली असेल. तिला पुसून काचेच्या कपाटात ठेवलेत तर ती स्वच्छ राहील, पण मुकी राहील. तिला हातात घ्या. ती कशासाठी आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना विचारा. त्यांची भाषा अर्धीच कळली तरी विचारा, आणि त्यांना बोलता येते आहे तोवर विचारा.

परवाच्या रविवारी वेई जेने मला पालथे केले. माझ्या पाठीवर एक पीच फळ कोरलेले आहे. "आ मा, हे कधी करायचं?" त्याने विचारले. आ मा बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. वेई जेला त्यातला वाढदिवस तेवढा कळला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग."

आणि आ माने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.