रस्त्याकडचं दार

नव्या देशात शाळा फुकट असते, हे सुताराला निघताना सगळ्यांनी सांगितलं होतं. कुणाला फुकट, ते सांगायचं मात्र सगळेच विसरले होते.

"मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्यांना," शाळेचा कारकून म्हणाला. "तुम्ही मागच्या गल्लीतले. गल्लीच्या वाट्याची शाळा खाजगी. तिथे फी पडेल."

फीचा आकडा ऐकून सुताराच्या लक्षात आलं, की पोरीला चौथीत घालायचं तर वर्षभर घरात कुणी जेवायचं नाही. बाकी काही अडचण नव्हती.

"पण साहेब, घर कोपऱ्यावर आहे. खिडकी मोठ्या रस्त्यावरच उघडते."

"पत्ता दाराचा धरतात. खिडकीतून येता-जाता का तुम्ही?"

"आणि दारच रस्त्याकडे असलं तर?"

"तर पोरीचं नाव घालू. शनिवारी येतो बघायला," कारकून हसून म्हणाला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मग? कपाळाला हात लावून बसताय, की करवत काढू?"

मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहत. "घर फिरलं की वासे फिरतात, हे ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "भाडेकरूच घर फिरवतो, हे आज बघतेय. वरचं माझं दार सहा वर्षं अडकतंय. आधी ते, मग तुमचं."

वरचं दार त्याच संध्याकाळी रंधा मारून सुतासारखं सरळ झालं. मग तीन दिवस खालच्या खोलीत धूळ उडाली. खिडकीखालची भिंत फोडून तिथे दार बसलं आणि दाराच्या जागी अर्धी भिंत चढून खिडकी. पोरीने विटा मोजून दिल्या. एकही चुकली नाही.

शनिवारी कारकून जुन्या पत्त्याने गल्लीत शिरला आणि खिडकीसमोर उभा राहिला. आतून सुताराची बायको डोकावली.

"पत्ता चुकलात, भाऊ. आमचं घर मोठ्या रस्त्यावर आहे."

कारकून वळसा घालून आला. त्याने दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. करकरलं नाही. भिंतीला बोट लावलं.

"ओलं आहे."

"सोमवारपर्यंत वाळेल," सुतार म्हणाला.

कारकुनाने उंबऱ्यावर बसून अर्ज भरला. सही करताना थांबला. "आणि नाव घातल्यावर दार परत फिरवलंत तर?"

"पोरगी दहावी होईपर्यंत नाही, साहेब," सुतार म्हणाला. "पुढचं कॉलेज कुठल्या रस्त्यावर आहे, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."