लख्ख शेत

सासऱ्याचं आणि सुनेचं पटत नाही, यात नवल ते काय! पण या घरातलं भांडण स्वयंपाकावरून नव्हतं की पाहुण्यांवरून नव्हतं. ते शेतातल्या कचऱ्यावरून होतं.

सासऱ्यांना स्वच्छतेचं भारी वेड. मका काढला की त्याची वाळकी ताटं उपटायची, पेटवून द्यायची आणि ती वाळूची जमीन उभी-आडवी नांगरून अशी लख्ख करायची, की काडी दिसता कामा नये. मुलगा नोकरीला गेल्यापासून अर्धं शेत सून करत होती. तिनं ताटं तिथेच तोडून पसरली, शेणखत घातलं आणि नांगर जवळजवळ बंदच केला. येणारे-जाणारे त्या पसाऱ्याला हसायचे आणि सासऱ्यांचा जळफळाट व्हायचा.

यंदा त्यांचा मका गुडघ्याशीच अडला. पानं पिवळी पडली, दुपारी त्यांची सुरळी व्हायची. शेवटी त्यांनी तिरीमिरीत ठरवलं, सगळं शेत वाळू उपसणाऱ्याला देऊन टाकायचं!

"मी करते तेसुद्धा?" सून कडाडली.

"शेत माझं आहे. या वाळूत काही पिकत नाही!"

"तुम्ही पिकू देत नाही, बाबा. सगळं खत पेरतानाच ओतता, वर भडाभडा पाणी सोडता. वाळूत ते थांबेल कसं? मुळांना मिळायच्या आतच खाली निघून जातं. मी थोडं थोडं देते. आणि माझ्या जमिनीत ते धरून ठेवायला काडीकचरा आहे. तुमचा तुम्ही जाळलात!"

"मला अक्कल शिकवू नकोस! आधी तुझा उकिरडाच खणायला लावतो."

दुसऱ्या दिवशी वाळूवाला आला. सासऱ्यांच्या शेतातली मूठभर उचलली, तर ती बोटांतून सुरसुर गळाली.

"वा काका! ना मूळ, ना ढेकूळ. चाळायचीसुद्धा गरज नाही. असा माल शोधून सापडत नाही!"

सासरे खुलले. मग तो सुनेच्या डोक्याएवढ्या उंच मक्यात शिरला. तिथली मूठ दाबली, तर गोळा झाला. त्यानं तो फेकून हात पँटला पुसला.

"हे काय दाखवता? ही वाळू नाही, माती आहे. आमच्या काही कामाची नाही."

सासऱ्यांनी आपल्या लख्ख वाळूकडे पाहिलं. जन्मभर ज्या सफाईचा तोरा मिरवला, तिचं कौतुक केलं कोणी? तर शेत खणून न्यायला आलेल्यानं! आणि आपण त्यावर खूश झालो! त्यांना स्वतःची चीड आली.

"चालता हो!" ते वाळूवाल्यावर ओरडले. "एक घमेलंही मिळणार नाही!"

सुनेचा राग मात्र निवळला नव्हता. "आणि पुन्हा ताटं पेटवलीत तर?"

"तर त्या जाळावर मलाच बसव! आता सांग, खत कुठून टाकायला लागू?"

मंडळी, हसू नका. तुम्हीही दरवर्षी शेताला काडी लावताच ना? जमीन म्हणजे अंगण नव्हे. कचरा म्हणून जाळता, ते तिचं अन्न आहे. वाळूची जमीनही पोसली तर पोसते. उपाशी ठेवलीत, तर तिच्यात मका उभा राहणार नाही, वाळूवाला मात्र नक्की येऊन उभा राहील!