हिरवी पाटी

युए-शियाने अननसाच्या वड्यांचं खोकं परिचारिकांच्या टेबलावर ठेवलं आणि हळूच नर्स च्याओ-यीच्या कोपरापाशी सरकवलं. पोरगी खुर्चीसकट मागे सरली.

तैवानी बोलीत अननसाचं नाव 'भरभराट येते' असं ऐकू येतं, म्हणून ड्यूटीवर तो खाल्ला की कामाला भरती येते, रुग्णांची रीघ लागते, हे ताइनानमधलं शेंबडं पोरही जाणतं. युए-शियाही जाणत होती. म्हणून तर आणला होता, धाक दाखवायला.

परवापर्यंत अतिदक्षता विभागात तिच्या नवऱ्याच्या पलंगाला लाल पाटी होती आणि च्याओ-यी एकट्या त्याच्याच उशाशी. काल पाटी हिरवी झाली, आणि च्याओ-यी तिघांत वाटली गेली. कुणाला किती लागेल याचा अंदाज बांधून आम्ही गट करतो, मु-शेंगकाकांना आता कमी लागेल, असं पोरीने समजावलं होतं. घशातली नळीसुद्धा काढून टाकली. युए-शियाला ती काटकसर वाटली. तीस वर्षं तिने मासे विकले होते. कुठल्या माशावर बर्फ घालणं थांबवायचं, हे ती रोज ठरवत असे, आणि माशाला कळू देत नसे.

"काकू, ते बरे होताहेत हो," च्याओ-यी खोक्यावरची नजर न काढता म्हणाली.

"मग डोळे का उघडत नाहीत?"

"उघडतात की. तुम्ही आलात की मिटतात."

उत्तर फारच तयार होतं. युए-शियाने खोक्याची दोरी सोडली.

तेवढ्यात समोरच्या लाल पाटीच्या पलंगावरचं यंत्र किंचाळलं. सगळ्याजणी तिकडे धावल्या. च्याओ-यीसुद्धा. मु-शेंगकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. युए-शिया खोकं उराशी धरून त्याच्यापाशी गेली. त्याची छाती वर जात होती, खाली येत होती, कुणी सांगितल्याशिवाय.

त्याने एक डोळा उघडला. खोकं पाहिलं.

"अननस?" घोगऱ्या आवाजात तो म्हणाला. "इथे?"

आणि डोळा मिटला.

समोरच्या रुग्णाच्या बायकोला पडद्याबाहेर काढलं होतं. जागा नव्हती, म्हणून ती युए-शियाच्या शेजारी येऊन उभी राहिली. पडद्याकडे पाहून झालं, मग तिने हिरवी पाटी पाहिली, दोरी सुटलेलं खोकं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ताई," ती हलकेच म्हणाली, "पाटी बदलायला कुणाला काय दिलंत?"

युए-शियाने खोकं पाठीमागे नेलं.