कापडाखालची हाक

कारसिदीची बायको गिनेम वारून अकरा वर्षं झाली, तरी कोंबड्यांना दाणे टाकताना ती घालायची ती "कुर्र, कुर्र" हाक त्याच्या अंगणात रोज सकाळी ऐकू यायची. ती घालायचा म्हातारा शामा, कारसिदीचा गाणारा पक्षी. गिनेम होती तेव्हा तो पिल्लू होता. कोवळ्या वयात कानावर पडलं ते त्याच्या गळ्यात बसलं, आणि एकदा बसलं की पाखरू ते मरेपर्यंत सोडत नाही.

क्लातेन गावच्या पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धांत या हाकेला कवडीची किंमत नव्हती. शामाच्या गळ्यात रातकिड्याची किरकिर हवी, बुलबुलाची तान हवी. कोंबडीवालीची हाक निघाली की परीक्षक नाक मुरडणारच. म्हणून तर शिकाऊ पिल्लू उस्ताद पाखराशेजारी टांगायचं, वर कापड टाकायचं आणि घरच्यांनी तोंड मिटून वावरायचं. कारसिदीने जन्मभर लोकांची पिल्लं अशीच तयार करून दिली. पण म्हाताऱ्या शामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसा कारसिदीचा जीव खालीवर होऊ लागला. हे पाखरू गेलं की गिनेमचा आवाजही जाणार. फोटो काय, भिंतीवर मुका बसलेला.

"दुसरं पिल्लू आणतो. म्हाताऱ्याची हाक शिकेल," तो लेकीला म्हणाला.

वुर्यानी एकोणीस वर्षांची, बोलायला तिखट. "बापाक, आता पुरे करा."

"का गं?"

"रोज आई हाक मारते आणि मी धडपडत उठते. दाराशी आल्यावर आठवतं, की ती नाही. तुमचं बरंय, तुम्हाला पाखरू ऐकू येतं. मला ती ऐकू येते."

"म्हाताऱ्याचे किती दिवस राहिलेत, पोरी?"

"तो आहे तोवर राहू दे. पण दुसऱ्याला शिकवलंत तर मी सुराबायाला मावशीकडे निघून जाईन."

कारसिदीने शब्द दिला आणि शब्द देऊन चोरी केली. पिल्लू आणलं, पिंजऱ्यावर जाड कापड घातलं आणि मागे कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलं. म्हाताऱ्याची हाक तिथवर खणखणीत पोचायची. "गिऱ्हाइकाचं आहे. म्हाताऱ्यापासून लांब ठेवलंय," त्याने ठोकून दिलं. लेकीने मान हलवली. तिने विश्वास ठेवला याचीच त्याला जास्त लाज वाटली.

चार महिन्यांनी म्हातारा दांडीवरून पडला तो उठलाच नाही. अंगण मुकं झालं. आता तरी पोर सुखाने झोपेल, असं कारसिदीला वाटलं. पण ती त्याच वेळेला उठून बसायची, कान देऊन. चार दिवसांत तिचा चेहरा उतरला.

पिल्लू अजून नुसतं पुटपुटत होतं. आधी महिनोन्‌महिने ऐकायचं, मग ऐकलेलं तोंडातल्या तोंडात चाचपून पाहायचं, ही पिल्लांची तऱ्हाच. एका सकाळी कापडाखालून स्वच्छ आलं, "कुर्र, कुर्र." शेवटचा सूर वर उचललेला. हुबेहूब गिनेम.

कारसिदी मागे धावला. वुर्यानी खुराड्यापाशी उभी होती, हातातलं सूप छातीशी धरून. आता ही आपल्याला फाडून खाणार म्हणून त्याने माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात पाखराने दोनदा बारीक शीळ घातली.

तो चक्रावला. म्हाताऱ्याच्या गळ्यात हे कधीच नव्हतं. "हे कुठून शिकलं?"

"माझ्याकडून," वुर्यानी म्हणाली. "लहानपणी आई हाक मारायची तेव्हा मी शीळ घालून ओ द्यायचे. तुम्ही पाखरांच्या बाजारात गेलेले असायचात."

"पण तेव्हा हे पिल्लू कुठे होतं?"

"तेव्हाचं नाही, बापाक. म्हातारा जाईपर्यंत रोज मी तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून इथे येऊन ओ देत होते. हळूच. नाही दिली तर ती मला शोधत राहील, असं वाटायचं."

कापडाखाली पुन्हा हाक आली, मागोमाग शीळ. "आजच कुणाला तरी देऊन टाकतो," म्हणत कारसिदीने पिंजऱ्याला हात घातला.

वुर्यानीने त्याचं मनगट धरलं. "राहू द्या. आता तिला ओ मिळतेय. मला जाता येईल."

दुसऱ्या दिवशी ती सुराबायाच्या बसमध्ये बसली. कारसिदी एकटाच राहतो, आणि रोज सकाळी त्याच्या परसात मायलेकी एकमेकींना ओ देतात.